रोह्याला लाल दिसत नाही

सौंसरच्या बाजारात जुन्या लुगड्यांचे गठ्ठे आले की मी समजते, कापूस फुटला. कुणाला आंबिया बहराच्या संत्र्याचा वास आला की दिवाळी आठवते, कुणाला पहाटेचा गारवा लागला की. मला हे गठ्ठे पुरतात. बसस्टँडच्या अलीकडे एक हातगाडीवाला उभा राहतो. त्याच्याकडच्या साड्या नेसायच्या नसतात, वावराभोवती बांधायच्या असतात. विटलेल्या, काठ सुटलेल्या, एखादीवर अजून हळदीचा डाग. रोही आणि डुकरं बिचकावीत म्हणून लोक त्या खांबाखांबाला ताणून बांधतात.

काल शाळा सुटल्यावर मी तिथून येत होते. एक शेतकरी गाडीवरच्या सगळ्या लाल आणि केशरी साड्या वेगळ्या काढत होता. मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग आहे. म्हटलं, "भाऊ, लाल कायले घेऊन राहिले? रोह्याइले लाल दिसत नाही. निळी घ्या."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, लाल तं आंधळ्यालेही दिसते."

मी हसले. हेच वाक्य, याच सुरात, मी बाबांच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा पांढुर्णा जिल्हा व्हायचा होता, मला नोकरी लागायची होती आणि बाबा होते.

बाबा रेल्वेत होते. आधी गँगमन, मग चावीवाला. चावीवाला म्हणजे रोज सकाळी रुळांवरून चालत जाऊन रूळ जखडणारी एकेक चावी, एकेक बोल्ट तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा, काखेत दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी. पांढुर्ण्याच्या दोन्ही बाजूंची लाइन त्यांना तळहातासारखी पाठ होती. रुळावर हात ठेवून ते सांगायचे की गाडी निघाली. लहानपणी मला ती जादू वाटायची. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि आम्ही रामाकोन्याच्या अलीकडे, आईच्या माहेरच्या गावी आलो. तिथं अडीच एकर वावर होतं, अर्ध्यात कापसाची पऱ्हाटी, अर्ध्यात संत्र्याची झाडं. बाबा रोज पहाटे धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालायचे, मान खाली घालून, पाय मोजून टाकत. आई म्हणायची, "पाह्य, अजूनही लाइन तपासून राहिले."

त्या वर्षी रोह्यांनी वात आणला होता. सरकारी पाटीवर त्याला नीलगाय म्हणतात, आमच्याकडे रोही. नर मोठा झाला की घोड्याएवढा होतो आणि अंगावर राखट निळी झाक येते. कळप नाल्याकडून यायचा, अगदी उजाडताना नाहीतर दिवेलागणीला. पऱ्हाटीची कोवळी बोंडं खायचा, संत्र्याच्या रोपांना अंग घासून ती मोडायचा. आमच्या शेजारी गुलाबकाकांचं वावर. माणूस तसा वाईट नाही, पण संतापी. बाबांसोबत चहा घेता घेता ते एकदा सहज म्हणाले, "आता दिवाळीलोक वाट पाहातो भाऊ. नाही ऐकलं त तारीत करंट सोडतो."

करंट हा शब्द ऐकला की आमच्याकडे बायका कामाचा हात थांबवतात. उघडी तार गुडघ्याइतक्या उंचीवर लावायची आणि विजेच्या लाइनवर आकडा टाकायचा. जनावर अडकतं आणि जागेवर पडतं. कायद्यानं गुन्हा आहे, सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक करतात. तार माणूस ओळखत नाही. पलीकडच्या एका गावात कापूस वेचायला निघालेली एक बाई अशीच गेली होती, तिची चप्पल तिथंच राहिली होती म्हणे. आणि आमची आई रोज उजाडायच्या आत दहाबारा बाया घेऊन वेचाईला यायची, ती गुलाबकाकांच्या वावराच्या कोपऱ्यातूनच. दुसरी वाट नव्हती. त्या संध्याकाळी आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "करंट सोडला त सांगाचं बाप्पा आधी."

मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून घरी बसले होते. बसले होते म्हणजे आईच्या भाषेत "कागदं चाळून राहिली" होते. त्याच सुमाराला एक मॅडम आल्या, पुण्याकडच्या. रोह्याला काय दिसतं, कशाचा वास येतो, कशाला तो बिचकतो आणि कशाला सरावतो, यावर त्यांचं काम चालू होतं. त्यांना इथली वाट माहीत असलेली आणि नीट टिपणं घेणारी मुलगी हवी होती. मी हो म्हटलं. पगार किरकोळ होता, पण मला पहिल्यांदाच वाटलं की शिकलेलं कुठंतरी लागतंय.

मॅडमनी पहिल्याच दिवशी माझा गर्व उतरवला. मी अत्तर नाही, पण केसाला खोबरेल तेल लावून आले होते. त्या म्हणाल्या, "सुजाता, आपण कळपाला दिसायच्या कितीतरी आधी त्यांना आपला वास जातो. उद्या तेल नको." मग त्यांनी चिमूटभर राख हवेत सोडली आणि ती कुठं जाते ते पाहिलं. वारा आपल्या तोंडावर हवा, हा पहिला नियम. जनावराकडून आपल्याकडे यायला हवा. म्हणजे त्याचं सगळं आपल्याला कळतं आणि आपलं त्याला काही कळत नाही. आमच्या धुऱ्याच्या टोकाला एक बाभूळ होती, तिच्याखाली आम्ही बसायचो. पहाटे वारा नेहमी गावाच्या आणि नाल्याच्या बाजूनं यायचा, सरळ तोंडावर.

ते दिवस अजून माझ्या नाकात आहेत. दवानं भिजलेल्या पऱ्हाटीचा हिरवट वास, संत्र्याचं पान चुरगळल्यावर येणारा उग्र दरवळ, आणि मध्येच रोह्याच्या लेंड्यांचा. रोही एकाच ठिकाणी येऊन लेंड्या टाकतो, कळपातले बाकीचे तिथं येतात, हुंगतात, उभे राहतात. मॅडम त्याला रोह्यांचं वर्तमानपत्र म्हणायच्या. कोण येऊन गेला, नर की मादी, कधी, सगळं त्यांना तिथं मिळतं. मी पाहायची. मान वर व्हायची, नाकपुड्या फाकायच्या, एक कान पुढं, एक मागं. ते जनावर एका वेळी किती गोष्टी ऐकत असेल आणि आपण त्यातलं काहीच ऐकत नाही, या विचारानं मला भीती वाटायची. कारण ते बिचकून वळलं नाही तर कळप आमच्या वावरातून पुढं गुलाबकाकांच्या पऱ्हाटीत घुसायचा, आणि दिवाळी जवळ येत होती.

बाबांनी आपला उपाय आधीच केला होता. आमच्या धुऱ्याभोवती त्यांनी लाल लुगडी बांधली होती. साधी नाही, भडक लाल, बाजार पालथा घालून आणलेली. रोही त्यांच्यामधून आरामात ये-जा करायचे. मॅडमनी ते दोन-तीन पहाटा पाहिलं आणि मला समजावलं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, खुरवाल्या जनावरांच्या डोळ्यात दोनच. लाल ओळखणारी त्यांच्याकडे नाही. आपल्याला आगीसारखा दिसणारा तो पदर त्यांना वाळल्या गवतासारखा मळकट दिसतो. निळा मात्र त्यांना ठसठशीत दिसतो.

मी संध्याकाळी घरी येऊन धाडकन सांगितलं. माझी तीच खोड. "बाबा, तुमचा लाल रंग रोह्याइले दिसतच नाही. फुकट गेलं सगळं."

बाबा वाडग्यातली डाळ ओरपत होते. ते थांबले. "लाल तं आंधळ्यालेही दिसते."

"नाही दिसत बाबा."

"पोरी, म्या लाल दाखवलं अन् अख्खी गाडी थांबली. इंजिन थांबलं. अन् हे तुहं रोही नाही थांबणार?"

"इंजिनात माणूस बसला होता."

हे मी कशाला बोलले कोण जाणे. बाबा हात धुऊन बाहेर गेले. आई माझ्याकडे पाहत राहिली. तिचा राग मला पुरता ओळखू येतो, ती ताटं जरा जोरात ठेवते. त्या दिवशी तिनं ताटं जोरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी धुऱ्यावरची लाल लुगडी उतरवली. बाबा लांब उभे राहून पाहत होते, मदतीला आले नाहीत, अडवलंही नाही. आता निळी कुठून आणायची हा प्रश्न आमच्या वस्तीत पडत नाही. आमच्या बौद्ध घरांत एक तरी निळी साडी निघतेच, जयंतीला नेसलेली, दसऱ्याला नागपूरला जाताना घेतलेली. बायांनी भराभर दिल्या. आईची एकच अट होती. "साड्या ने. पण झेंड्याचं कापड नेशील त पाहजो. थे डुकराले भेव दाखवाले नाही."

तीन पहाटा आम्ही श्वास धरून बसलो. चौथ्या दिवशी कळप नाल्यातून वर आला, पुढची मादी धुऱ्यासमोर थबकली. निळा पदर वाऱ्यानं हलला. तिनं पाय आपटला, नाकातून फुर्र केलं आणि पूर्ण कळप डावीकडे वळला. मॅडमनी माझा हात दाबला. मी वहीत लिहिलं, 'वळले', आणि पुढं बरोबरची खूण केली. त्यानंतर रोज खूण. मला इतका आनंद झाला होता की डावीकडे कोणाचं वावर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

डावीकडे गुलाबकाकांचं वावर होतं.

ते आमच्या धुऱ्यावर आले तेव्हा त्यांच्या हातात मोडलेलं संत्र्याचं रोप होतं. बाबांना म्हणाले, "भाऊ, तुमचे पाहुणे माह्याकडे पाठवून राहिले का?" मी पुढं होऊन म्हटलं, काका, तुमच्याही बाजूनं बांधू, साड्या आहेत, मी स्वतः बांधून देते. त्यांनी निळ्या रांगेकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. "माह्या वावराले निळं नाही चालत. गावात लोक काय म्हणतील."

काय म्हणतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. गावात राहणाऱ्याला एवढं कळतं. लाल बांधा, हिरवं बांधा, पिवळं बांधा, कुणी काही म्हणत नाही. निळं बांधलं की ते कोणाचं, हे आधी पाहिलं जातं. ज्या एका रंगाला रोही घाबरत होता, त्याच रंगाला गुलाबकाकाही घाबरत होते. मला संताप आला, खूप आला. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, गेल्या आठ दिवसांतला पहिला. म्हणाले, "गुलाब, करंट नको सोडजो. बाया येतात."

"नाही सोडत," गुलाबकाका म्हणाले. पण रोप हातात तसंच होतं.

पुढच्या सोमवारी मॅडम नागपूरला गेल्या होत्या. मी एकटी बाभळीखाली बसले होते, खाली घडी घातलेलं लाल लुगडं अंथरून. उतरवलेल्यांपैकीच एक. जमीन ओली असायची आणि लाल अंथरलं तर रोह्याला कळत नाही, असा माझा शास्त्रीय हिशोब. नुकतं उजाडत होतं. वारा तोंडावर होता. बाबा नेहमीसारखे धुऱ्यावरून चालत आले, मान खाली, पाय मोजत. माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबले आणि वाकले. मग हळूच सरळ झाले आणि दोन पावलं मागं आले. रुळाला तडा सापडला की ते असेच मागं येत असणार.

"सुजे. हलू नको."

गवतात नव्या खुंट्या होत्या. खुंट्यांवरून पातळ, उघडी तार गेली होती, थेट त्या कोपऱ्यापर्यंत, जिथून बायांची पायवाट येते. तारेखाली एक ससा पडला होता, पाय ताठ. पलीकडे गुलाबकाकांची, लाइन आली की आपोआप सुरू होणारी मोटर चालू होती, पाटात पाणी पडण्याचा आवाज येत होता. मोटर चालू म्हणजे लाइन होती, तारेत करंट होता.

आणि त्याच वेळी मला आई ऐकू आली.

वारा तोंडावर होता ना. तिचं हसणं ऐकू आलं, कोणीतरी सुनेबद्दल काही बोललं तेही ऐकू आलं, बांगड्याही. त्या वळणावरून येत होत्या, आई पुढं, मागं बाया, डोक्यावर वेचाईच्या कापडी ओट्या गुंडाळलेल्या. मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. त्यांच्यातली एकही मान वर झाली नाही. माझा आवाज मागं वावरात जात होता. मीच निवडलेल्या जागेवर मी उभी होते, जिथून सगळं ऐकू येतं आणि आपलं कुणाला ऐकू जात नाही. आईचा फोन घरी, चुलीजवळच्या कोनाड्यात. मी धावले असते तरी त्या आधी पोचल्या असत्या, आणि मध्ये तार.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी वळून माझ्या पायाखाली पाहिलं. "बाजूले हो," म्हणाले, आणि लाल लुगडं ओढून घेतलं. एक टोक मुठीत धरून झटकलं, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन ते हलवायला लागले, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, जोरात, न थांबता. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. ते त्यांचं काम होतं, ते लाइनवर करायचे, आम्ही क्वार्टरमध्ये असायचो.

आईनं पाहिलं होतं. किती वर्षं ती त्यांचा डबा घेऊन लाइनवर जायची. ती थांबली. पाऊल उचललेलं होतं, ते तिनं होतं तिथंच खाली ठेवलं आणि दोन्ही हात आडवे पसरले. मागच्या बाया तिच्या हातांना येऊन अडल्या. हसणं बंद झालं. मग नुसता पाण्याचा आवाज.

मी किती वेळ उभी होते आठवत नाही. बाबा लुगडं हलवतच होते. "थांबल्या बाबा," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं तेव्हा त्यांनी हात खाली केले. आईच्या पायापासून तार चार हातांवर होती. ते नंतर गुलाबकाकांनीच सांगितलं.

गुलाबकाका धावत आले, आकडा काढला, मोटर बंद केली. त्यांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, काल लाइन गेली होती, तार मेली असं धरून आपण घरी गेलो, पहाटे लाइन येईल हे ध्यानातच राहिलं नाही. मी त्यांना नाही नाही ते बोलले. पोलिसात जाते म्हणाले. गेले नाही. बरोबर केलं की चूक, मला आजही ठरवता येत नाही, आणि ते आठवलं की रात्रीची झोप जाते. बाबा एवढंच म्हणाले, "गुलाब, मालगाडी थांबवली तईही हात नाही कापला. आज पाह्य." त्यांनी हात पुढं केला. तो खरंच कापत होता. गुलाबकाकांनी तो दोन्ही हातांत धरला आणि रडले.

मॅडम आल्यावर मी त्यांना वही दाखवली. त्यांनी बरोबरच्या खुणांवरून बोट फिरवलं, बराच वेळ. "आपण फक्त आपल्या बाजूचं लिहीत होतो," म्हणाल्या. पुढच्या पानावर त्यांनी मला दोन रकाने आखायला लावले, 'कुठून वळले' आणि 'कुठं गेले'. मी आता शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना प्रयोग लिहायला लावते तेव्हा दुसरा रकाना नसेल तर वही परत करते. मुलं मला खडूस म्हणतात, मला माहीत आहे.

गुलाबकाकांनी खुंट्या उपटल्या. आठवड्याभरानं त्यांच्या धुऱ्यावर साड्या लागल्या. आई पाहून आली आणि पदरात तोंड लपवून हसली. त्या निळ्याच होत्या, पण काका प्रत्येकाला सांगत होते, "हे निळं नाही, मोरपंखी हाये." रोही दोन्ही धुऱ्यांवरून वळले, नाल्यापलीकडच्या पडीक रानात गेले. त्या पलीकडे कोणाचं वावर आहे, हे मी तेव्हा जाऊन पाहून आले. कुणाचं नव्हतं.

बाबांनी मात्र त्या कोपऱ्यात, पायवाटेच्या तोंडाशी, एक उंच बांबू रोवला आणि त्याला ते लाल लुगडं बांधलं. सगळ्या निळ्या रांगेत ते एकटं लाल. मॅडमनी ते पाहिलं, मला वाटलं आता समजावतील. त्यांनी बाबांना नमस्कार केला.

लाल रंग उन्हात फार लवकर उडतो. दर वर्षी बाबा कापूस फुटला की नवं आणून बांधायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी ते बांधायचं राहून गेलं. परवा गावी गेले होते तर बांबूवर एक फिकट, जवळजवळ पांढरी चिंधी लटकत होती. आई अजून वेचाईला जाते, गुडघे दुखतात तरी जाते, पुढं तीच असते. करंटची तार आता आमच्या शिवारात कोणी लावत नाही असं सगळे म्हणतात. म्हणतात खरं.

काल तो शेतकरी लाल गठ्ठा घेऊन गेला. मी हातगाडीवर शोधलं, खालच्या थरात एक उरली होती, भडक, काठ शाबूत. हातगाडीवाला मघापासून माझं भाषण ऐकत होता. पैसे घेता घेता म्हणाला, "मॅडम, आत्ताच त म्हणून राहिल्या होत्या, लाल दिसत नाही."

"रोह्याइले नाही दिसत," मी म्हटलं. "माह्या आईले दिसते."